साताऱ्याहून लंडनला: बोर्ड गेम आणि मिनिएचरच्या नादिष्टांसाठी तीन दिवसांचा बेत

मुलाकडे, मुलीकडे किंवा कंपनीच्या कामासाठी लंडनला जाणारी माणसं आता साताऱ्यात आणि सांगलीत गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या ज्यांना बोर्ड गेम, कार्ड गेम, मिनिएचर (खेळातल्या चिमुकल्या मूर्ती) रंगवणं किंवा रोलप्लेइंगचा (स्वतः एखादं पात्र होऊन गोष्ट खेळण्याचा) नाद आहे, त्यांच्यासाठी हा बेत. तीन दिवस पुरतात, पण दोन गोष्टी आधी जमवायला हव्यात. दुकानं आणि पाहण्याची ठिकाणं एकाच पट्ट्यात बसवायची, आणि परतीच्या बॅगेचं वजन घरातून निघतानाच ठरवायचं.

बहुतेक नावाजलेले बोर्ड गेम आज भारतात घरपोच मिळतात. लंडनहून तेच डबे वाहून आणण्यात काही अर्थ नाही. तिथल्या दुकानात मिळतं ते वेगळं: उघडा डबा हातात घेऊन बघणं, टेबलावर बसून एक डाव खेळून बघणं, आणि हजार गेम माहीत असलेल्या माणसाला प्रश्न विचारणं. दिवसाचा वेळ त्यासाठी राखून ठेवा. खरेदी त्यातून आपोआप निघते.

घरातून निघण्याआधी

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. भारतीय कार्डांवर तो आपोआप चालू नसतो. त्यातही दुकानातला वापर, एटीएम आणि कॉन्टॅक्टलेस यांची बटणं वेगवेगळी असतात. कॉन्टॅक्टलेसचं बटण राहिलं की पहिल्याच मेट्रो स्टेशनवर गेट उघडत नाही आणि मागे रांग लागते. फॉरेक्स कार्ड असेल तर त्यावर कॉन्टॅक्टलेसची खूण आहे का तेही बघून घ्या. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत.

मेट्रोत प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं. नवरा-बायकोने एकच कार्ड दोनदा टेकवून चालत नाही. दिवसभर तेच कार्ड वापरा. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत, तर यंत्रणेला ते दोन प्रवासी वाटतात आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू होत नाही. अकरा वर्षांच्या आतली मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. त्यांच्यासाठी रुंद गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं.

दुकानात कार्ड लावल्यावर मशीन कधी कधी विचारतं, रुपयांत घ्यायचे की पौंडांत? पौंडच निवडा. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं आणि तो दर तुमच्या फायद्याचा नसतो. आणखी एक जुनी समजूत इथेच सोडून जा: पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत मिळण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. लेबलवरची किंमत हीच शेवटची किंमत, आणि घासाघीस चालत नाही.

जाताना बॅगेत मोकळी जागा ठेवा. फराळ, मसाले, पापड देऊन झाले की ती जागा आपोआप होते, पण वजनाचा हिशेब कागदावर हवा. साधारण ३०×३०×७ सेंटिमीटरचा चौकोनी डबा दीड ते दोन किलोचा धरा. ग्लूमहेवनसारखा एकच अजस्र डबा नऊ किलोच्या पुढे जातो. तिकिटावर किती बॅगा आणि किती किलो ते बघा, आणि हातात धरून वजन करायचा छोटा काटा सोबत न्या. ३२ किलोच्या वरची बॅग तर जादा पैसे भरूनही विमान कंपन्या घेत नाहीत.

पहिला दिवस: दोन स्टेशनांभोवती

हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइन थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला येते. पिकॅडिली लाइन बरीच स्वस्त, पण तिला लेस्टर स्क्वेअरपर्यंत तासभर लागतो. गेमवाल्यांसाठी लंडनचा मध्यभाग म्हणजे या दोन स्टेशनांभोवतीचा पट्टा. सगळं चालत होतं.

सकाळी दहाला ब्रिटिश म्युझियम. आधी म्युझियम आणि नंतर दुकानं, हा क्रम उलटा करू नका. गेमची दुकानं दहा-अकराच्या आधी उघडत नाहीत, आणि म्युझियमच्या दारावर बॅगा तपासतात, चाकांच्या मोठ्या बॅगा तर आतच घेत नाहीत. प्रवेश फुकट आहे, तरी वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं की रांग टळते. शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, हा उशिरा जाणाऱ्याला मोठा आधार.

हे म्युझियम दोन दिवसांतही संपत नाही. तुम्ही तीन दालनं गाठा.

दालन ५६ वरच्या मजल्यावर आहे. तिथे इराकमधल्या प्राचीन ऊर शहराचा राजेशाही पट ठेवलेला आहे, इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते २४०० या काळातला. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीच्या उत्खननात तो १९२०च्या दशकात मिळाला. एकूण वीस घरं: एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला सहा आणि मध्ये दोन घरांचा पूल. शिंपला, लाजवर्द (निळा दगड) आणि तांबडा दगड यांचं जडावकाम. वीसपैकी पाच घरांवर फुलाची नक्षी आहे. इसवी सनापूर्वी १७७ मधल्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवरून म्युझियममधल्याच अर्व्हिंग फिंकेल यांनी याचे नियम लावले. दोघे खेळाडू, प्रत्येकी सात सोंगट्या, फुलाच्या घरात पडलं की आणखी एक दान. आपल्या पटावर फुलीला सोंगटी सुरक्षित असते हे लहानपणापासून माहीत असलेल्याला हा पट समोर बघून लगेच खेळावासा वाटतो. म्युझियमच्या दुकानात याच्या प्रतिकृती मिळतात. घेणार असाल तर छोटी आवृत्ती बघा, मोठी लाकडी बॅगेचं वजन खाते.

दालन ४० मध्ये लुईसची बुद्धिबळाची मोहरी आहेत. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेली, बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांत कोरलेली. म्युझियमकडे ८२ आहेत, अकरा एडिंबरोला. मिनिएचर रंगवणाऱ्याने इथे अर्धा तास काढावा. गालावर हात टेकवून बसलेली राणी आणि शिपायाच्या रूपातला, ढालीची कड दातांत धरलेला हत्ती, दोन्ही आठ-दहा सेंटिमीटरच्या आतले. एवढ्याशा चेहऱ्यात डोळे किती खोल कोरलेत आणि भाव कशामुळे उठतो, हे काचेला नाक लावून बघा. घरी रंगवताना सावली कुठे सोडायची ते इथे कळतं.

तिसरं ठिकाण बहुतेक लोक ओलांडून पुढे जातात. तळमजल्यावर दालन १० मध्ये इराकमधल्या खोर्साबादच्या राजवाड्याचे पंखवाले, माणसाच्या तोंडाचे प्रचंड बैल उभे आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे ७१० मधले. वर बघून झालं की खाली वाका. एका बैलाच्या चबुतऱ्यावर वीस घरांचाच पट ओरखडून काढलेला आहे. पहारेकऱ्यांनी वेळ घालवायला तो काढला असावा. आपल्याकडे लेण्यांत आणि दगडी पायऱ्यांवर मंकळा, नवकंकरी यांचे पट कोरलेले दिसतात, त्याच जातीचं हे काम. उभ्याने ते दिसत नाही. गुडघ्यावर बसा आणि बाजूने बघा.

जेवून दुपारी दुकानं. टॉटनहॅम कोर्ट रोडवर वॉरहॅमर या मिनिएचरच्या युद्ध-गेमचं मोठं दुकान आहे. याच कंपनीची छोट्या गावांतली दुकानं एकच माणूस चालवतो आणि ती आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात. लंडनमधल्या या मोठ्या दुकानाचं तसं नाही. नवीन माणसाने सरळ सांगायचं, कधी रंगवलेलं नाही. ते एक मिनिएचर, ब्रश आणि रंग देऊन टेबलावर बसवतात, त्याचे पैसे लागत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला इथे तासभर सहज रमवता येतं. काचेच्या कपाटातली रंगवलेली सैन्यं जवळून बघा, पण टेबलावर मांडलेलं कुणाचंही मिनिएचर न विचारता उचलू नका. त्यामागे कुणाच्या तरी वीस-वीस तासांची मेहनत असते.

तिथून शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर फॉरबिडन प्लॅनेट. हे मुख्यतः कॉमिक, पुस्तकं आणि फिगरचं दुकान, गेम त्या मानाने थोडे. घरातल्या गेम न खेळणाऱ्या माणसालाही इथे कंटाळा येत नाही. पुढे पाच मिनिटांवर अर्लहॅम स्ट्रीटवर ऑर्क्स नेस्ट, १९८७ पासूनचं. दुकान अगदी चिंचोळं, पाठीवरची सॅक पुढे घेऊनच आत शिरावं. पण भिंतीभर बोर्ड गेम, रोलप्लेइंगची पुस्तकं, मिनिएचर आणि फासे यांची दाटी आहे. शनिवारी दुपारी नीट उभंही राहता येत नाही, म्हणून आठवड्यातला मधला दिवस निवडा. दुकानाबाहेर आलं की सेव्हन डायल्सचा सात रस्त्यांचा चौक आणि पुढे कव्हेंट गार्डन.

दुकानात काय विचारायचं

‘चांगला गेम दाखवा’ असं म्हटलं तर समोरचा माणूस अडचणीत येतो. चार गोष्टी सांगा: किती जण खेळणार, वयं काय, एका डावाला किती वेळ आहे, आणि शेवटचा आवडलेला गेम कोणता. साताऱ्यात आजी आणि नातवंडं एकत्र बसणार असतील तर पाचवी गोष्ट महत्त्वाची: कार्डांवर इंग्रजी मजकूर नको, नुसती चिन्हं आणि रंग हवेत. असे गेम भरपूर आहेत. दुकानदाराला ते लगेच सुचतात, आपल्याला डब्यावरून कळत नाहीत.

सीलबंद डबा उघडू नका. ‘डेमो कॉपी आहे का’ एवढंच विचारा. घेण्याआधी रूलबुक नेटवर वाचता येतं, बहुतेक प्रकाशक ते फुकट ठेवतात. रांगेत उभ्या उभ्या चार पानं चाळली तरी अंदाज येतो.

स्लीव्ह (कार्डावर चढवायचं प्लॅस्टिकचं पाकीट) घेणार असाल तर कार्डाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून न्या. मॅजिकसारख्या कार्ड गेमचं कार्ड ६३×८८, त्याला ६६×९१च्या आसपासचं स्लीव्ह. छोटी युरोपी कार्डं ४४×६८ची. नुसतं ‘स्टँडर्ड’ म्हणून घेतलेलं पाकीट घरी येऊन दोन मिलिमीटरने अडतं आणि परत करायला कुणी जात नाही.

दुकानातल्या मॅजिकच्या संध्याकाळी परक्या माणसालाही बसता येतं. ड्राफ्ट (तिथेच पाकिटं फोडून कार्डं निवडत खेळायचा प्रकार) असेल तर डेक, म्हणजे स्वतःचा कार्डांचा गठ्ठा, लागत नाही, प्रत्येकी तीन बूस्टर (सीलबंद कार्डांची) पाकिटं तिथेच घ्यायची. आधी दुकानाच्या पानावर नाव नोंदवा, जागा भरतात. कमांडर हा मॅजिकचा प्रकार खेळणार असाल तर शंभर कार्डांचा डेक घरून न्या आणि तो केबिनच्या बॅगेत ठेवा.

दुसरा दिवस: नॉर्दर्न लाइन

या दिवशी उत्तरेला. फिंचली सेंट्रल स्टेशनवर उतरून थोडं चाललं की १०० बॅलर्ड्स लेन, लेझर गेम्स. रोलप्लेइंगची पुस्तकं आणि बोर्ड गेम यांसाठी लंडनमधलं हे जुनं, भरवशाचं दुकान. मध्यभागातली गर्दी इथे नसते, त्यामुळे दुकानदाराशी निवांत बोलता येतं. रोलप्लेइंगची पुस्तकं घ्यायची असतील तर इथेच घ्या. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट नाही, आणि भारतात नेमकी हीच पुस्तकं मिळायला कठीण. फक्त जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक पुस्तक किलो-सव्वा किलोचं असतं, हे विसरू नका.

परतताना कॅम्डन टाउनला गाडी बदलून चॉक फार्मला उतरा. तिथून चालत १० किंग हेन्रीज रोड. या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचं नाव साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत घातलं गेलं, त्याची लंडनमधली खोली बघायला सातारकराने जायलाच हवं. भेटीची वेळ आधी तपासा. जवळच प्रिमरोझ हिल आहे, वर चढलं की अख्खं शहर दिसतं.

संध्याकाळी वॉटर्लू. स्टेशनखालच्या लीक स्ट्रीटच्या बोगद्यात कुणालाही भिंतीवर चित्रं काढायची परवानगी आहे, आणि त्याच कमानींमध्ये ड्राफ्ट्स हा बोर्ड गेम कॅफे आहे. माणशी शुल्क भरायचं आणि कपाटातले हवे ते गेम काढून खेळायचे. टेबल आधी बुक करा. शुक्रवार-शनिवारी नुसतं जाऊन जागा मिळत नाही. पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कर्मचाऱ्याला बोलावून नियम समजावून घ्या. स्वतः रूलबुक वाचत बसलात तर भरलेल्या वेळेतला अर्धा तास त्यातच जातो. खाणं मागवलं तर चिप्सच्या हातांनी कार्डं धरू नका, वेट वाइप्स सोबत ठेवा. जे गेम घ्यायच्या यादीत आहेत तेच इथे खेळून बघा. दोन-तीन नावं यादीतून कटतात आणि बॅग हलकी होते.

शाकाहारी मंडळींना आपल्या चवीचं हवं असेल तर यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी आणि थाळीची जुनी हॉटेलं आहेत.

तिसरा दिवस: वॉटर्लूची लढाई आणि राहिलेलं

मिनिएचरवाल्यांनी हा दिवस चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियमला द्यावा. स्लोन स्क्वेअर स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चाल. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. कॅप्टन विल्यम सायबर्नने केलेली वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती तिथे आहे, १८३८ मध्ये लोकांना दाखवली गेलेली. तिच्यात ७० हजारांहून जास्त चिमुकले शिपाई आहेत. टेबलावर भूभाग तयार करणाऱ्याने शेतं, कुंपणं आणि चढ-उतार नीट बघावेत. पिकाचा रंग, तुडवलेली जमीन आणि धूर कसा दाखवलाय याचे फोटो घ्या, घरी उपयोगी पडतात.

साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ला साताऱ्याच्याच संग्रहालयात प्रथम मांडली गेली. करार संपेपर्यंत ती लंडनमध्ये शोधत फिरू नका. लहान मुलं बरोबर असतील तर याच म्युझियमची बेथनल ग्रीनमधली यंग व्ही अँड ए शाखा जास्त बरी. २०२३ मध्ये ती नव्याने सुरू झाली आणि तीही फुकट आहे.

रविवारी बेत आखताना काळजी घ्या. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, बहुतेक बारा ते सहा. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो आणि २५ तारखेला मेट्रो पूर्ण बंद असते.

चौथा दिवस हाताशी असेल तर सेंट पँक्रासवरून नॉटिंगहॅम, पावणेदोन तासांवर. लेंटनमधलं वॉरहॅमर वर्ल्ड म्हणजे कंपनीचं मुख्यालयच: प्रदर्शन, खेळायची मोठी दालनं आणि जेवायची सोय. प्रदर्शनाला तिकीट आहे. रेल्वेचं तिकीट काही आठवडे आधी काढलं तर निम्म्याहून कमी पैशांत मिळतं.

काय विमानात चालत नाही

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि स्प्रे वार्निशचे कॅन विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. ज्वालाग्राही वायूचा दाब असतो. प्लॅस्टिक जोडायचा पातळ सिमेंट ॲसिटोनसारख्या द्रवांचा, तोही नाही. एनॅमल रंग आणि थिनर नाही. हे सगळं भारतात घ्या.

पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग चालतात. सिटाडेल या ब्रँडच्या डब्या १२ किंवा १८ मिलिलिटरच्या, व्हॅलेहो या ब्रँडच्या नळीच्या बाटल्या १७-१८च्या. चेक-इन बॅगेत टाका. झाकण उचलून उघडायच्या डब्या हवेच्या दाबाने गळतात, म्हणून प्रत्येक डबी टेपने बंद करून झिप पिशवीत उभी ठेवा. आपल्या उन्हाळ्यात या डब्या घरीही लवकर सुकतात. नळीची बाटली जास्त टिकते, निवड असेल तर तीच घ्या. प्रायमरही ब्रशने लावायचा आणा. साताऱ्याच्या पावसाळी हवेत स्प्रे मारला की पृष्ठभागावर पांढरी खरबरीत पूड बसते.

हॉबी नाइफ आणि निपर (प्लॅस्टिक कापायची पकड) चेक-इनमध्येच. दुकानातून घेतलेला नाइफ सीलबंद ठेवून थेट मुक्कामी न्या. ब्रिटनमध्ये विनाकारण धारदार पातं घेऊन रस्त्याने फिरणं गुन्हा आहे, आणि अठराच्या आतल्या मुलाला तो विकतही देत नाहीत.

बॅग भरणं

गेमचा डबा मुक्कामी उघडा. टोकनचे पुठ्ठे पंच करून टोकन झिप पिशव्यांत भरा, उरलेली चौकट टाकून द्या. आतला प्लॅस्टिकचा साचा काढला की दोन छोटे गेम एका डब्यात मावतात. कार्डांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावू नका, कडा कापल्या जातात. कागदाची पट्टी गुंडाळा. डब्यात पोकळी राहिली तर मोजे कोंबा, म्हणजे वरून दाब आला तरी कोपरे बसत नाहीत. डबे बॅगेच्या मधोमध पुस्तकांसारखे उभे, भोवती कपडे.

मिनिएचरच्या डब्यात निम्म्याहून जास्त हवाच असते. स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) बाहेर काढा, एकावर एक रचून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरा आणि पिशवीत ठेवा. सूचनापत्रक त्यातच. डिकलचा (मिनिएचरवर चिकटवायच्या चित्रांचा) कागद मात्र वहीच्या पानांत, घडी पडली की तो गेला. रंगवलेलं काही असेल तर ते हातातल्या बॅगेत, मऊ फोममध्ये.

बिलं एका पाकिटात ठेवा. मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या शुल्कमुक्त मर्यादेच्या आत आहोत हे दाखवायला तीच लागतात. ती मर्यादा निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. एकाच गेमचे चार-पाच सीलबंद डबे आणू नका, मित्रांसाठी असले तरी ते विक्रीचा माल वाटतात.

घरी आल्यावर जून ते सप्टेंबर असेल तर कार्डं लगेच खेळायला काढू नका. आधी स्लीव्ह घाला, मग प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. वाकलेला बोर्ड उलट्या बाजूने सपाट टेबलावर ठेवून वर दोन जाड पुस्तकं ठेवा, दोन-तीन दिवसांत तो सरळ होतो.